चकती कोणी काळी केली

१

शेवटी मुलगी निर्दोष सुटली आणि त्याच दिवशी तिची शिक्षा सुरू झाली.

वरचं वाक्य कोणी वाचलं असेल तर कृपया विसरून जावं. असं काही घडलेलं नाही. मुलगी अजून निर्दोष नाही, चौकशी अजून सुरू व्हायची आहे, आणि बस डेपोतल्या हवेबद्दल कोणाचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती एका चकतीबद्दल.

चकती म्हणजे पांढऱ्या जाडसर कागदाची, गोल, तळहाताएवढी. डेपोत हवा मोजायचं एक यंत्र आहे, त्यात ती बसवायची. यंत्र आठवडाभर हवा आत ओढतं, हवेतली घाण चकतीवर अडकते, आणि शनिवारी यंत्रवाला येऊन ती चकती पाकिटात बंद करून प्रयोगशाळेत नेतो. तिथे तिचं वजन होतं. घाण जास्त, तर वजन जास्त. एवढंच शास्त्र.

या डेपोची प्रत्येक चकती दुधासारखी पांढरी निघत आली होती. डिझेलच्या जुनाट गाड्यांनी खच्चून भरलेल्या डेपोतली हवा डोंगरमाथ्यावरच्या हवेच्या तोडीची आहे, याचं मुख्य कार्यालयाला इतकं कौतुक वाटलं की त्यांनी डेपोला एक ढाल दिली.

मग एका सकाळी कंट्रोलरकाका गेले. कंट्रोलर म्हणजे केबिनच्या खिडकीत बसून कोणती गाडी कधी सोडायची ते ठरवणारा माणूस. काका बसल्या जागी गेले, हात खिडकीतून बाहेर. गाड्या सुटतच राहिल्या, कारण तो हात बघून प्रत्येक ड्रायव्हरला वाटलं की निघायची खूण झाली. डेपोच्या इतिहासात त्या सकाळी सगळ्या गाड्या पहिल्यांदाच वेळेआधी निघाल्या. अखेर एका ड्रायव्हरने विचारलं, "काका, चहा झाला का?" उत्तर आलं नाही. चहाच्या प्रश्नाला काका उत्तर देत नाहीत म्हटल्यावर सगळ्यांना कळून चुकलं.

त्यानंतरच्या शनिवारी यंत्रातून निघालेली चकती तव्याच्या बुडासारखी काळी होती.

मॅनेजरने त्याच दिवशी तक्रार केली : कोणीतरी डेपोची बदनामी करण्यासाठी चकती काळी केली आहे. संशय काकांच्या मुलीवर. त्या आठवड्यात ती वडिलांचं सामान न्यायला आली होती आणि केबिनमध्ये बराच वेळ एकटी होती.

मुख्य कार्यालयाने चौकशीबाईंना पाठवलं.

२

चौकशीबाई पन्नाशीच्या होत्या. मागे एकदा महामंडळाची एक अख्खी बस हरवली होती, ती त्यांनीच शोधली. ती रोज वेळेवर धावत होती. फक्त ती धावते आहे हे कोणाला माहीत नव्हतं. त्यांची पद्धत साधी होती. समोरचा काही बोलला की त्या चहाचा घोट घ्यायच्या. समोरच्याला गप्प बसवत नसे, मग तो आणखी बोलायचा.

मॅनेजरच्या खोलीत चहा आला. कपाखाली गोल काळं कोस्टर होतं, कडेला पांढरी किनार, वर गुळगुळीत प्लास्टिक.

"आमची हवा बघायला लांबून लोक येतात मॅडम," मॅनेजर म्हणाले आणि खोकले. "मी स्वतः रोज सकाळी त्या यंत्रासमोर उभा राहून दीर्घ श्वास घेतो. पाहुण्यांनाही घ्यायला लावतो."

"कशासाठी?"

"शुद्ध हवा. यंत्र हवा साफ करतं ना."

चौकशीबाईंनी घोट घेतला.

"आता बघा," मॅनेजर पुढे म्हणाले, "दिवसभर एवढी हवा ओढतं. चकती तर पांढरीच. मग घाण जाते कुठे? ते संपवतं. फार पुढे गेलंय शास्त्र."

"ते मोजायचं यंत्र आहे साहेब."

"मोजून मगच साफ करत असणार. न मोजता कोण करतं?"

बाईंनी यंत्राच्या चावीबद्दल विचारलं.

"कंट्रोलरच्या केबिनमध्ये खिळ्याला असते. तिथे जाणारे आम्ही चौघंच. काका, ते तर गेले. फोरमन, यंत्रवाला, आणि मी. गेल्या आठवड्यात ही मुलगी."

"आणि ती कशाला काळी करेल?"

"हवा वाईट निघाली तर केबिन बंद करावी लागते, असा नियम आहे. वडिलांच्या जागी तिला घेतलंय आपण. कंट्रोलर म्हणून. सोमवारी रुजू व्हायचंय. तिला म्हणे दमा आहे, त्या खिडकीत बसायचं नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "मला तिचं वाईट वाटतं हो. पण ढाल परत मागतील."

"दोषी निघाली तर?"

"तर नोकरी नाही. घरी आई आहे, दुसरं कमावणारं कोणी नाही."

"आणि निर्दोष निघाली तर?"

मॅनेजरने खिडकीतून खालच्या केबिनकडे बघितलं. ती दिसत नव्हती. धूर दिसत होता, आणि धुरातून एक दार.

"तर सोमवारपासून तिथे," ते म्हणाले.

३

केबिनपर्यंत फोरमन घेऊन गेला. फोरमन वर्कशॉपचा प्रमुख. तो ज्याला हात लावेल त्यावर ग्रीसचा अंगठा उमटायचा. साखरेच्या डब्यावर होता, दाराच्या कडीवर होता, त्याच्या स्वतःच्या कपाळावर दोन होते.

केबिनच्या दोन्ही अंगांना गाड्या उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे आणि शेपट्या केबिनकडे. प्रत्येकीचं इंजिन चालू. हवेचं यंत्रही केबिनच्या दाराशेजारीच होतं. सायलेन्सरचा पाइप बरोब्बर खिडकीच्या उंचीला. खिडकीला काच नव्हती, कारण ड्रायव्हरला ओरडून सांगावं लागतं आणि काचेतून ओरडणं पोचत नाही.

"इंजिनं बंद का नाही करत?" बाईंनी विचारलं.

"बंद केली तर परत चालू कोण करणार?" फोरमनला प्रश्नाची मजा वाटली. "बॅटऱ्या गेल्यात, स्टार्टर गेलेत. सकाळी ढकलून एकदा चालू करायची, ती दिवसभर. गाडी उभी असली तरी जागी ठेवायची."

"मग तोंडं तरी उलटी करा. धूर रस्त्याकडे जाईल."

"रस्त्यावर पब्लिक असतं मॅडम. पब्लिकला गाडीचं तोंड दिसलं पाहिजे, असा साहेबांचा हुकूम आहे. ढाल मिळालेल्या डेपोने लोकांना पाठ दाखवायची का?"

केबिन आतून चकचकीत होती. टेबल पुसलेलं, खुर्ची पुसलेली, मासिक पास प्लास्टिकमध्ये बंद करायचं लॅमिनेशनचं छोटं मशीन फडक्याने झाकलेलं. भिंतीवर मात्र खुर्चीच्या मागे एक गोरा ठिपका होता, डोक्याएवढा. बाकी भिंत करडी. काका जिथे टेकून बसायचे तेवढीच भिंत मूळ रंगाची राहिली होती.

"काका स्वच्छतेचे भारी कडक," फोरमन म्हणाला. "आरशावर डाग दिसला तरी गाडी गेटातून परत पाठवायचे. माणसं आत चेंगरलेली, गाडी निघालेली, आणि काका आडवे. 'माझ्या गेटातून घाण बाहेर जाणार नाही.' मग धुवायची. इंजिन चालूच. हे इकडे पाणी मारतायत, ती तिकडे धूर सोडतेय."

"ते खोकायचे?"

"इथे सगळेच खोकतात. आम्ही त्याला खोकला म्हणत नाही. कोणीतरी बोलणार आहे, असं समजतो."

बाईंनी पर्समधून पांढरा रुमाल काढला, झटकला, आणि खिडकीच्या गजाला बांधला.

"वाळत घालताय?" फोरमनने विचारलं.

"भिजलाच नाहीये," बाई म्हणाल्या.

फोरमन त्या रुमालाकडे बघत राहिला. मग तो जरा घाईने म्हणाला, "एक सांगू का? हवा वाईट असावी असं मला आधीपासून वाटतं. पण मी ते कोणाला सांगितलेलं नाही. आणि तुम्हीही माझ्याकडून ऐकलेलं नाही."

४

यंत्रवाला हा प्रदूषण खात्याचा बारीक चणीचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. स्वतःच्या पाकिटांबद्दल त्याला फार अभिमान होता.

"चकती यंत्रात ठेवली की वरून धातूचं कडं बसतं. घट्ट. म्हणून काळी झाली तरी मधलाच भाग होतो. कड पांढरीच राहते, कड्याखाली हवा शिरत नाही ना. ही काळी निघालेली चकती बघा. कडेने अगदी गोल पांढरी रेघ. कोणी हाताने काजळ फासलं असतं तर कडही बरबटली असती."

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला विचारलं, चकती काळी आहे का. मी म्हटलं, आहे."

"आणि इतके दिवस पांढऱ्या निघत होत्या, तेव्हा शंका आली नाही?"

"मॅडम, माझं काम चकती न्यायचं. शंका न्यायला वेगळं पाकीट लागतं, ते खात्यात मिळत नाही."

"नव्या चकत्या कुठे ठेवता?"

"केबिनच्या कपाटात खोकं आहे. दर वेळी कोण वाहून आणणार? काका सांभाळायचे. चावी, खोकं, सगळं. फार आस्था त्यांना यंत्राची. मी शनिवारी यायच्या आधी यंत्र पुसून तयार असायचं." तो किंचित भावुक झाला. "आता मलाच पुसावं लागतं."

बाई केबिनकडे परत आल्या तेव्हा दुपार झाली होती. गजाला बांधलेला रुमाल त्यांना पटकन ओळखू आला नाही. गज आणि रुमाल एकाच रंगाचे झाले होते. त्यांनी गाठ सोडली. गाठीच्या आतला कापडाचा भाग पांढरा शुभ्र होता.

म्हणजे एवढं नक्की झालं की चकती काळी करायला कोणाचीच गरज नव्हती. ती इथे आपोआप काळी होत होती. मुलीने काही केलं नव्हतं.

मग गुन्हा एकच नव्हता, पुष्कळ होते, आणि सगळे उलटे होते. दर आठवड्याला एक काळी चकती नाहीशी होत होती आणि तिच्या जागी कोरी येत होती. ती कोण ठेवत होतं?

५

रस्त्यापलीकडे छातीच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डेपोच्या समोर दवाखाना काढल्याबद्दल त्यांचं सगळे कौतुक करत. काकांवर त्यांनीच उपचार केले होते, आणि मुलीवरही करत होते.

दवाखान्याची खिडकी बंद होती, तिला आतून पट्ट्या चिकटवल्या होत्या. चहा आला. बाईंनी कप खाली ठेवला.

"हृदय बंद पडून मृत्यू, असं तुम्ही लिहिलंत," त्या म्हणाल्या.

"तेच बंद पडलं होतं. धूर चालू होता."

"धुराने हृदय बंद पडतं?"

डॉक्टरांनी बोटाच्या नखाकडे बघितलं, जणू काही तिथे दाखवण्यासारखं होतं. "डिझेलच्या धुरातले कण डोळ्याला दिसत नाहीत एवढे बारीक असतात. नाक अडवत नाही, घसा अडवत नाही. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात, त्यातले काही रक्तातही उतरतात. रक्तवाहिन्या सुजतात, कडक होतात. कोणाला दमा, कोणाला हृदयविकार, कोणाला कॅन्सर. वर्षानुवर्षं हळूहळू. सोयीची गोष्ट म्हणजे कोणत्या कणाने मारलं हे विचारता येत नाही."

"मग हे लिहीत का नाही?"

"कोणाचं लिहू? समोरचा ड्रायव्हर, फळवाला, कोपऱ्यावरचा ट्रॅफिक पोलीस, सगळ्यांचंच लिहावं लागेल. मग मला विचारतील की तुम्ही इथेच बसता, तुम्हाला कसं काही झालं नाही." ते खोकले. बोलणार असतील म्हणून बाई थांबल्या, पण ते नुसतेच खोकत होते.

"मुलगी त्या केबिनमध्ये बसली तर?"

"ती बसू शकते. उठण्याबद्दल मी सांगू शकत नाही."

बाईंनी कप उचलला आणि घोट घेता घेता थांबल्या. कपाखाली गोल काळं कोस्टर होतं. पांढऱ्या किनारीचं.

"हे कुठून घेतलंत डॉक्टर?"

"काकांनी दिलं. रिकाम्या हाताने कधी यायचे नाहीत. का?"

बाईंनी ते उलटं करून बघितलं. मग पर्समध्ये टाकलं. डॉक्टरांना वाटलं, बाईंना आवडलं असेल.

६

काकांचं घर डेपोमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दार मुलीनेच उघडलं. तिच्या हातात दम्याचा पंप होता आणि चेहऱ्यावर, कोणीतरी तिला फार मोठा आणि फार जुना विनोद सांगितल्यासारखा भाव.

"अटक करायला आलात का? आई, गॅस बंद कर गं, मला नेतायत."

"असं अभद्र बोलू नये," आतून आई म्हणाली. "बसा हो ताई. चहा टाकते."

मुलगी समोर बसली. "मॅडम, आधी मला एवढं सांगा. मी दोषी निघाले तर काय?"

"नोकरी नाही."

"आणि निर्दोष?"

"नोकरी."

"तिसरं काही नाही का? थोडीशी दोषी?"

"अगं, हिचे बाबा आयुष्यभर बसले त्या खुर्चीत," आई चहा घेऊन येत म्हणाली. "एक दिवस दांडी नाही."

"आणि मग?"

"मग काय, आता तू बसायचं."

"नाही, मी विचारलं, आणि मग त्यांचं काय झालं."

आई टेबलावर कप मांडत होती, आणि प्रत्येक कपाखाली एकेक काळं कोस्टर सरकवत होती. तिच्याकडे त्यांची चळत होती, चांगली हातभर उंच.

चौकशीबाईंनी पहिल्यांदाच चहाला हात लावला नाही.

"वहिनी, ही कोस्टरं काका घरी आणायचे?"

"दर शनिवारी एक," आई म्हणाली. "टाकून द्यायला जीव होत नसे त्यांचा. पासाच्या त्या मशीनमधून प्लास्टिक लावून आणायचे, म्हणजे काळं हाताला लागत नाही. चांगला कागद आहे म्हणायचे. अर्ध्या डेपोला वाटली. साहेबांना दिली, फोरमनभावजींना दिली, डॉक्टरांना दिली. तुम्हाला हवीत का?"

"शनिवारीच का?"

"शनिवारी तो यंत्रवाला येतो ना. हे म्हणायचे, त्या पोराला काही कळत नाही, आठवडाभर फिल्टर तसाच ठेवतो. गाडीचा फिल्टर काळा झाला की आपण बदलतो की नाही? मग यंत्राचा नको बदलायला? काळा फिल्टर डेपोबाहेर गेला तर लोक म्हणतील, डेपोत निगा राखत नाहीत. म्हणून हे तो यायच्या जरा आधी जाऊन स्वतः बदलायचे, यंत्र पुसायचे, नवीकोरी चकती लावायचे. कोणी सांगितलं नव्हतं हो. मनानेच." तिने चळत हाताने सारखी केली. "कोणी कधी आभारही मानले नाहीत."

खालून गाड्यांची घरघर येत होती, सगळ्या जाग्या.

"मॅनेजर असता," चौकशीबाई हळूहळू म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारखं, "तर त्याने यंत्राला हात लावला नसता. यंत्र हवा साफ करतं असं ज्याला वाटतं तो त्याच्यापुढे फक्त श्वास घेतो. फोरमन असता तर कोऱ्या चकतीवर ग्रीसचा अंगठा दिसला असता. यंत्रवाल्याला चकत्या बदलायच्या असत्या तर काका गेल्यावरही तो बदलत राहिला असता. पण पांढऱ्या चकत्या थांबल्या त्या एका माणसाबरोबर थांबल्या."

मुलीने एक कोस्टर उचललं. प्लास्टिकखाली काळा थर होता, मखमलीसारखा दाट. तिने अंगठा त्यावरून फिरवला.

"म्हणजे ही हवा आहे," ती म्हणाली. "एका आठवड्याची."

"हो."

"आणि ते दर आठवड्याला हे बघायचे. हातात घ्यायचे. आणि त्यांना वाटायचं, फिल्टर बदलायचा राहिलाय."

"निगा राखणारा माणूस होता गं," आई म्हणाली.

"हो ना. सगळ्यांची राखली." ती पंप तोंडाला लावून थांबली, श्वास आत घेतला, मोजला, सोडला. मग शांतपणे म्हणाली, "मॅडम, मीच काळी केली असं लिहून टाका ना. मी सही करते."

"मग नोकरी जाईल," आई म्हणाली.

"मग मी जाणार नाही, आई."

आई कप गोळा करू लागली. एकातलाही चहा कोणी प्यायला नव्हता. "घर कसं चालवायचं तेवढं सांग," ती म्हणाली. "बाकी तू म्हणशील तसं."

मुलीने चौकशीबाईंकडे बघितलं. चौकशीबाईंनी चळत दोन्ही हातांनी उचलली.

"एक रस्ता आहे," त्या म्हणाल्या.

७

रस्ता सरळ होता. काळ्या चकत्या सापडल्या होत्या. एकही हरवली नव्हती, एकही पुसली गेली नव्हती. प्रयोगशाळेलासुद्धा जमलं नसतं अशा त्या प्लास्टिकमध्ये हवाबंद होत्या. त्यांचं वजन झालं की डेपोची हवा काय आहे ते जगजाहीर झालं असतं, केबिन बंद झाली असती, आणि मुलीला दुसरीकडे कुठे बसवावं लागलं असतं. नोकरीही राहिली असती, श्वासही.

प्रयोगशाळेतल्या माणसाने चळतीकडे बघितलं.

"पाकीट कुठंय?"

"पाकीट नाही. चकत्या आहेत."

"चकती पाकिटातून येते. पाकिटाशिवाय आलेली गोल वस्तू ही गोल वस्तू. आणि यावर प्लास्टिक आहे. प्लास्टिकसकट वजन केलं तर हवेत प्लास्टिक निघेल."

"प्लास्टिक काढा."

त्याने एका चकतीचं काढून दाखवलं. काजळी सगळी प्लास्टिकला चिकटून आली. खाली उरली ती पांढरी चकती. त्याने तिचं वजन केलं आणि सांगितलं, हवा उत्तम आहे.

चौकशीबाई तिथून मुख्य कार्यालयात गेल्या. कार्यालयाने त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, मधे कोणी एकदाही टोकलं नाही, आणि संध्याकाळच्या आत सगळे निर्णय झाले.

मुलगी पूर्णपणे निर्दोष. याबद्दल कार्यालयाला आनंद होता.

ती एक काळी चकती खरी. पण आधीच्या सगळ्या पांढऱ्या, त्यामुळे सरासरी समाधानकारक. केबिन बंद करायचा प्रश्न येत नाही.

यंत्रात छेडछाड होत होती हे सिद्ध झालं, म्हणजे या जागी यंत्र सुरक्षित नाही. ते शहराबाहेरच्या बागेत हलवावं. तिथे हवा चांगली असल्याने निकालही चांगले येतील.

छेडछाड कंट्रोलरकाकांनी केली असल्याने त्यांना कारणे दाखवा नोटीस काढावी.

"ते वारलेत," चौकशीबाई म्हणाल्या.

"उत्तर द्यायला मुदत दिली आहे," कार्यालय म्हणालं. "मुदतीत उत्तर आलं नाही तर त्यांना काही म्हणायचं नाही असं धरू."

८

सोमवारी सकाळी यंत्र न्यायला टेम्पो आला. मॅनेजर यंत्रासमोर उभे राहून शेवटचे श्वास घेत होते. "आता हवा कोण साफ करणार?" ते प्रत्येकाला विचारत होते. फोरमन टेम्पोला मागून ढकलत होता, कारण टेम्पोवाल्याने चुकून इंजिन बंद केलं होतं.

मुलगी केबिनमध्ये बसली होती. ओढणी नाकावर बांधलेली, पंप टेबलावर. दोन्ही बाजूंनी गाड्या शेपट्या आत करून घरघरत होत्या. ती गाडीचा नंबर ओरडायची, मग तोंड फिरवून भिंतीकडे श्वास घ्यायची, मग पुढचा नंबर. एका ड्रायव्हरने तिला सांगितलं, "ताई, काकांचा आवाज लांबपर्यंत जायचा."

"माझा पण जाईल," ती म्हणाली. "फक्त एका वेळी एक शब्द द्या."

टपालवाला आला. पाकिटावर लिहिलं होतं : कंट्रोलर, बस डेपो, यांस. पत्ता बरोबर असल्याने तिने ते सही करून घेतलं. वडिलांना काढलेली नोटीस होती. तिने ती दोनदा वाचली आणि खिडकीबाहेर उभ्या चौकशीबाईंना दाखवली.

"मी काय उत्तर देऊ?"

"तुम्ही द्यायचं नाही. ज्याला काढलीय त्यानेच द्यायचं."

"ते म्हणाले असते," मुलगी थांबली, एक गाडी मागे येत होती. ती जाईपर्यंत तिने तोंड मिटून ठेवलं. गाडी गेली. दुसरी आली. तीही गेली. वाक्य मध्येच राहिलं होतं आणि तिला ते पुन्हा सुरू करायला हवा पुरत नव्हती. तिने हातानेच, राहू द्या, अशी खूण केली.

ती खूण बघून समोरची बस निघाली.

चौकशीबाई रस्त्यापलीकडे गेल्या, दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि अहवालाचं शेवटचं कलम लिहिलं. त्यांनी ते योग्य मार्गाने, तीन प्रतींत, सादर केलं. ते असं :

"उपरोक्त परिस्थिती विचारात घेता विनंती करण्यात येते की, सदर डेपोतील कंट्रोलर या पदावर यापुढे श्वासोच्छ्वास न करणाऱ्या उमेदवाराची नेमणूक व्हावी. असा उमेदवार उपलब्ध होईपर्यंत विद्यमान उमेदवारास दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत श्वास घेण्याची मुभा असावी. आणि त्याकरिता दोन गाड्यांच्या मध्ये काही वेळ ठेवण्यात यावा."